हेरांच्या कादंबऱ्या मुलांनीं वाचाव्या काय?

आपल्या शाळेच्या ग्रंथालयांत खिडकीजवळ एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या खालच्या दोन खणांत रहस्यकथा व हेरकथा ठेवलेल्या असतात. यंदाच्या जुलै महिन्यापासून हें कपाट कुलूपबंद आहे. तें उघडावें कीं त्यांतील पुस्तकें रद्दींत घालावीं, हा प्रश्न ग्रंथालय समितीपुढें आहे. समितीचा सभासद या नात्यानें मीं माझें मत तेथें सांगितलें आहेच. परंतु ज्यांच्या वाचनाचा हा प्रश्न आहे त्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढेंहि तें सविस्तर मांडावें, म्हणून वार्षिकाच्या संपादकांकडून हीं चार पानें मागून घेतलीं आहेत. घडल्या प्रकारांत माझाहि दोष आहे. तो आरंभींच कबूल करतों, म्हणजे पुढें लिहिणें सोपें जाईल.

पावसाळा लागला कीं मैदानावरचे खेळ बंद पडतात. अशा वेळीं शनिवारीं दुपारीं नववी-दहावीच्या मुलांमुलींसाठीं मी एक लहानसें वाचनमंडळ चालवितों. मंडळी उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या तिन्ही गांवांतून येते. रुळांवर पाणी आलें कीं अर्धें मंडळ स्टेशनांतच अडकतें. २०२५ सालच्या जूनमध्यें फ्रेडरिक फोर्साइथ हे इंग्रज कादंबरीकार निवर्तले. त्या निमित्तानें त्यांची ‘द डे ऑफ द जॅकल’ ही १९७१ सालीं प्रसिद्ध झालेली कादंबरी मीं निवडली. ज्यांना इंग्रजी झेपलें त्यांनीं ती मुळांतून वाचली. बाकीच्यांना दर शनिवारीं मी एकेक भाग मराठींत सांगत गेलों.

कथानक थोडक्यांत असें आहे. अल्जीरियाला स्वातंत्र्य देण्याच्या धोरणामुळें फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांच्यावर लष्करांतील कांहीं मंडळी खवळलीं होतीं. २२ ऑगस्ट १९६२ रोजीं पॅरिसजवळ त्यांच्या मोटारीवर खरोखरच गोळीबार झाला. ते बचावले, आणि कटाचा सूत्रधार बास्तियँ-तिरी याला १९६३ च्या मार्चमध्यें गोळ्या घालून देहान्त शिक्षा देण्यांत आली. येथवर इतिहास. यापुढें कादंबरी सुरू होते. कटवाले एका परदेशी मारेकऱ्याला पैसे देऊन बोलावितात. त्याचें नांव कोणाला ठाऊक नाहीं, चेहरा ठाऊक नाहीं. ‘जॅकल’, म्हणजे कोल्हा, एवढी सांकेतिक खूण मात्र पोलिसांच्या कानीं येते. त्याला शोधून काढण्याचें काम लेबल नांवाच्या एका साध्यासुध्या, कोणाच्या डोळ्यांत न भरणाऱ्या अधिकाऱ्याकडे सोंपविलें जातें.

वाचन संपल्यावर मीं प्रत्येकास एक चिठ्ठी दिली व आपलें मत मोकळेपणानें लिहावयास सांगितलें. कांहीं पालकांनीं व एका सहकाऱ्यांनींहि पुस्तक वाचलें होतें. त्यांच्याहि चिठ्ठ्या आल्या. त्यांपैकीं तीन-चार येथें देण्याजोग्या आहेत.

बदलापूरच्या एका मुलानें विचारलें होतें: द गॉल यांचा खून झाला नाहीं, हें इतिहासाच्या पुस्तकांत आहे. मग शेवटच्या प्रकरणांत छाती कां धडधडते? प्रश्न मोठा मार्मिक आहे. याच कारणासाठीं कित्येक प्रकाशकांनीं हें हस्तलिखित परत केलें होतें. शेवट ज्याला त्याला ठाऊक, मग पुस्तक घेईल कोण, असें त्यांना वाटलें. वाचकांनीं त्यांना खोटें पाडलें. ‘काय होणार’ यापेक्षां ‘कसें होणार’ ही उत्कंठा बळकट असते. आपल्याकडे कीर्तनाला बसणाऱ्या श्रोत्यास कथेचा शेवट ठाऊक नसतो काय? तरी तो रात्र जागवितोच.

दुसरी चिठ्ठी उल्हासनगरच्या एका मुलीची. ती लिहिते, “मारेकरी खोटें पारपत्र कसें मिळवितो, बंदूक कशी घडवून घेतो, हें वाचतां वाचतां मी नकळत त्याच्याच बाजूची झालें. त्याचें काम फसूं नये असें मला वाटूं लागलें, आणि मग माझी मलाच लाज वाटली.” इतकें प्रामाणिक परीक्षण मोठ्या समीक्षकांकडूनहि क्वचित् मिळतें. कुशलतेनें केलेलें दुष्ट कामसुद्धां पाहणाऱ्यास मोहविते. ही लाज ज्या वाचकाला वाटली त्याचें त्या पुस्तकानें नुकसान केलें असें मी म्हणणार नाहीं.

तिसरी चिठ्ठी अंबरनाथच्या दारूगोळा कारखान्यांतून निवृत्त झालेल्या एका पालकांची. त्यांनीं लिहिलें आहे: “आम्ही आयुष्यभर गुपित सांभाळलें. तें म्हणजे फाटकावर पास दाखविणें, यंत्रावर उभें राहणें, आणि घरीं आल्यावर कामाविषयीं न बोलणें. कादंबरींतल्यासारखें कांहींहि घडलें नाहीं. न घडूं देणें हेंच आमचें काम होतें.” हीं चार वाक्यें मीं वर्गांत दोनदां वाचून दाखविलीं.

चौथी चिठ्ठी माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांची. त्यांचें मत अगदीं विरुद्ध. अशा पुस्तकांनीं मन संशयी होतें. मुलांना चरित्रें द्यावीं, प्रवासवर्णनें द्यावीं. कट, खून व कारस्थानें यांचें खाद्य कशाला? त्या वेळीं मीं हें मत मनांतल्या मनांत हंसण्यावारी नेलें. आठ दिवसांतच मला तें आठवावें लागलें.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यांत मंडळांतील तीन मुलें माझ्याकडे आलीं. कारखान्याच्या भिंतीलगतच्या रस्त्यावर एक वृद्ध गृहस्थ तीन दिवस सकाळ-संध्याकाळ उभे असतात, गळ्यांत दुर्बीण असते, वर पाहतात आणि वहींत कांहीं लिहितात. ते हेर असावेत, असें त्यांचें म्हणणें. मी कांहीं तपासण्याच्या घाईंत होतों. मीं हंसून म्हटलें, “मग तुम्ही लेबल व्हा आणि पाळत ठेवा.” मुलांनीं गुरूची आज्ञा पाळली. दुसऱ्या दिवशीं त्यांतील एकानें मोबाइलवर त्या गृहस्थांचें छायाचित्र काढलें. ‘कारखान्याजवळ संशयित हेर’ असे शब्द त्याखालीं लिहून तें आपल्या वसाहतीच्या समूहावर पाठविलें. संध्याकाळपर्यंत तें किती हातांतून गेलें कोण जाणे. तीस-चाळीस माणसांनीं त्या गृहस्थांना घेरलें. कोणी वही हिसकावली, कोणी थोबाडींत दिली, चष्मा फुटला. सुदैवानें गस्तीचा एक पोलीस तेथें पोंचला व त्यांना चौकींत घेऊन गेला. वही उघडल्यावर काय निघालें? त्या रस्त्यावरच्या झाडांवर पावसाळ्यांत बगळे व ढोकरी घरटीं बांधतात. किती घरटीं, कोणत्या तारखेस अंडीं, कोणत्या तारखेस पिलें, याची ती नोंद होती. गृहस्थ टपाल खात्यांतून निवृत्त झालेले.

कपाटाला कुलूप लागलें तें या प्रसंगानंतर. मुलांचें वय लहान. परंतु ‘पाळत ठेवा’ म्हणणारा मनुष्य पंचेचाळीस वर्षांचा होता. मुलांना पुस्तक देणारा मीच, आणि पुस्तक मिटल्यावर तें मिटलें आहे याची आठवण करून न देणाराहि मीच.

असें प्रथमच घडलें असें मात्र कोणीं समजूं नये. इंग्लंडांत विल्यम ल क्यू नांवाचा एक लेखक होऊन गेला. १९०६ सालीं जर्मन सैन्य इंग्लंडवर स्वारी करतें अशी त्याची कादंबरी ‘डेली मेल’ या वृत्तपत्रांतून क्रमशः प्रसिद्ध होऊं लागली. जेथें पत्र अधिक खपेल अशा गांवांवरून शत्रूचें सैन्य जावें म्हणून त्या सैन्याचा मार्गच बदलण्यांत आला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पुढें १९०९ सालीं त्यानें ‘कैसरचे हेर’ या अर्थाच्या नांवाचें दुसरें पुस्तक काढलें. इंग्लंडभर जर्मन हेरांचें जाळें पसरलें आहे, असा त्यांतील आशय. आणि ही कल्पित कथा सत्यावर आधारलेली आहे, असा लेखकाचा दावा. वाचकांनीं या पुस्तकावर आपलें मत कसें दिलें? त्यांनीं हेर पाहावयास सुरुवात केली. अमुक हॉटेलांतील वाढपी जर्मन आहे, तमुक न्हावी समुद्रकिनाऱ्यावर फिरतो, अशीं पत्रें लेखकाकडे येऊं लागलीं. लष्करी खात्यांतील एडमंड्स नांवाच्या अधिकाऱ्याचा ल क्यूशीं स्नेह होता. असला ऐकीव मजकूर सरकारी समितीपुढेंहि गेला, आणि त्याच वर्षीं ब्रिटनची गुप्त सेवा स्थापन झाली. आजच्या तेथील दोन प्रसिद्ध गुप्तहेर खात्यांचें मूळ तेंच.

जर्मन हेर मुळींच नव्हते असें नाहीं, थोडे होते. परंतु वाचकांना दिसले तसे हजारों नव्हते. १९१४ सालीं महायुद्ध पेटल्यावर या संशयाचें पीक आलें. जन्मानें जर्मन एवढ्या कारणावरून आरमाराचे प्रमुख बॅटनबर्गचे प्रिन्स लुई यांना त्याच वर्षीं अधिकारपद सोडावें लागलें. पुढल्या वर्षीं लुसिटानिया जहाज बुडाल्यावर जर्मन नांवाच्या दुकानदारांचीं दुकानें लुटण्यांत आलीं. त्यांतील कित्येक पिढ्यान् पिढ्या पाव भाजून विकणारे गरीब लोक होते. सारा दोष एका कादंबरीचा नव्हे, हें मला समजतें. तरी भुई धोपटणाऱ्यांच्या हातीं काठी देण्याचें काम तिनें केलें खरें.

याहून भयंकर उदाहरण जर्मन लेखक गोडशे याचें. १८६८ च्या त्याच्या ‘बियारिट्झ’ या कादंबरींत प्राग शहरांतील कबरस्तानांत यहुदी पुढारी रात्रीं जमून जग जिंकण्याचा कट करतात असा प्रसंग आहे. निव्वळ कल्पित. पुढें तोच प्रसंग कादंबरींतून काढून खरें भाषण म्हणून छापण्यांत आला. त्याच वळणाचे बनावट ‘प्रोटोकॉल’ १९०३ सालीं रशियांत प्रसिद्ध झाले. लंडनच्या ‘टाइम्स’नें १९२१ सालीं ही लबाडी उघडकीस आणली, तरीहि हिटलरच्या अनुयायांनीं त्यांचा उपयोग केलाच. या खोट्यावर विश्वास ठेवणाऱ्यांत स्वतःला ख्रिस्ती म्हणविणारे लाखों लोक होते, हें आम्हांला विसरतां येणार नाहीं. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष न देण्याची आज्ञा त्यांनाहि पाठ होती.

उलट, बाण आपल्यावर आला म्हणजे आम्ही काय करतों तेंहि पाहावें. ‘द दा विंची कोड’ ही कादंबरी २००३ सालीं निघाली व २००६ सालीं तिच्यावरचा चित्रपट भारतांत आला. आमच्या समाजांत बंदीची मागणी झाली. गोव्यासह कांहीं राज्यांनीं बंदी घातलीहि. पुस्तकाच्या आरंभीं ‘वस्तुस्थिति’ म्हणून एक पान आहे. त्यांत एक गुप्त मंडळ १०९९ सालापासून अस्तित्वांत असल्याचें सांगितलें आहे. वास्तविक तें मंडळ १९५६ सालीं फ्रान्समध्यें एका माणसानें काढलें, आणि जुनेपणा दाखविण्यासाठीं बनावट कागद रचण्यांत आले. एवढी माहिती वाचकाच्या हातीं दिली कीं त्या पानाचा दंश उतरतो. बंदी घातल्यानें लोकांना एवढेंच वाटलें कीं यांत कांहींतरी खरें असलें पाहिजे.

आमच्या महाराष्ट्रांत तर कादंबरीचीहि गरज लागली नाहीं. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें आठवड्याच्या बाजारीं पांच माणसांना जमावानें ठार मारलें. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठीं आलेले भटके लोक होते. मुलें पळविणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाइलवरून पसरली होती. एवढाच त्यांचा अपराध. आमच्या अंबरनाथच्या रस्त्यावर त्या संध्याकाळीं पोलीस आणखी अर्ध्या तासानें आला असता तर काय झालें असतें, हा विचार मनांत आला कीं अजून अंगावर कांटा येतो.

याच संदर्भांत ज्या मुलीची चिठ्ठी वर दिली तिच्या पणजीचे बोल सांगण्यासारखे आहेत. फाळणीनंतर सिंधमधून कुटुंबाबरोबर आली तेव्हां ती लहान होती. महायुद्धांतील लष्करी छावणीच्या बराकींत त्यांचा संसार मांडला गेला. त्या छावणीला १९४९ सालीं उल्हासनगर हें नांव मिळालें. मी घरीं गेलों असतां दादी म्हणाल्या, “मास्तर, आमच्या गल्लींत कोणाला वाचतांहि येत नव्हतें. शेजारी शेजाऱ्याला भ्यायला लागला तो पुस्तक वाचून नव्हे. कोणीतरी येऊन सांगे, आणि कोणी विचारीत नसे कीं तूं स्वतः पाहिलेंस काय?”

माझ्या मतें आमच्या प्रश्नाचें उत्तर या एका वाक्यांत आहे. कादंबरींत निरर्थक मनुष्य नसतो. भिंतीशीं उभा असलेला म्हातारा लेखकानें पानावर आणला तर त्याचा कटाशीं कांहीं संबंध असणारच, नाहीं तर लेखक त्याला आणील कशाला? संसारांत मात्र बहुतेक माणसें आपापल्या कामानें उभीं असतात, आणि त्यांचा आपल्या कथानकाशीं कांहींएक संबंध नसतो. हा भेद मुलांना शिकवावयास हवा होता. मीं तो शिकविला नाहीं.

आणि गंमत अशी कीं आम्ही वाचलेल्या कादंबरींतच हा धडा आहे. ‘जॅकल’ला फ्रेंचमध्यें ‘शाकाल’ म्हणतात व त्याचें स्पेलिंग चार्ल्स कॅलथ्रॉप या नांवाच्या दोन्ही शब्दांच्या पहिल्या तीन-तीन अक्षरांशीं जुळतें, यावरून इंग्लंडचे पोलीस त्या नांवाच्या माणसाला मारेकरी समजून बसतात. अखेरीस खरा कॅलथ्रॉप सुट्टीवरून परत येतो आणि आपल्या घरांत पोलीस पाहून संतापतो! नांवाचें जुळणें हा निव्वळ योगायोग होता. मारेकऱ्याचा माग लागतो तो कशानें? पारपत्रांचे अर्ज मृत्यूच्या नोंदींशीं एकेक करून ताडून पाहिल्यानें. हॉटेलांत भरलेले कागद रात्रभर चाळल्यानें. लेबलचा विजय हा संशयाचा नसून कंटाळवाण्या, चिकाटीच्या पडताळणीचा आहे. आमच्या मुलांनीं पाळत ठेवण्याचा भाग उचलला, पडताळणीचा सोडून दिला. दोष पुस्तकाचा नव्हे. अर्धवट वाचनाचा, आणि अर्धवट शिकविण्याचा आहे.

माझी स्वतःची वाचनाची गोडी या कपाटांतल्यासारख्याच पुस्तकांवर पोसली, हेंहि सांगितलें पाहिजे. स्टेशनाजवळच्या एका वाचनालयांतून नाममात्र भाड्यानें आणलेलीं बाबुराव अर्नाळकरांचीं पुस्तकें मी भूगोलाच्या पुस्तकाआड वाचीत असें. ‘झुंजार’ व ‘काळा पहाड’ यांनीं माझ्या आधींच्या दोन पिढ्यांना वेड लावलें होतें. गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप तर परदेशांत जाऊन शत्रूचे कट उधळी. या दोघांनीं प्रत्येकीं हजाराहून अधिक कथा लिहिल्या असें सांगतात. त्यांतील कित्येक घाईनें लिहिलेल्या होत्या, हें आतां कळतें. परंतु पान उलटण्याची संवय त्यांनीं लावली. पुढें हरिभाऊ आपट्यांपर्यंत व टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’पर्यंत मी पोंचलों तो याच पायऱ्यांवरून. ही पायरी काढून घेतली तर आजचीं मुलें वरच्या मजल्यावर जातील असें मला वाटत नाहीं. तीं मोबाइलकडे जातील, आणि तेथें लेखकहि नसतो, शेवटचें पानहि नसतें.

म्हणून माझें मत असें. कपाट उघडावें. मात्र कटाची कथा वाचणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यानें वाचन संपल्यावर वहीच्या पानाचे दोन भाग करून एका भागांत कथेंतील सिद्ध झालेल्या गोष्टी व दुसऱ्यांत नुसते संशय लिहावे, आणि शिक्षकांनीं तें पान वाचावें. लेखकानें इतिहास म्हणून दिलेली एकतरी गोष्ट मुलांनीं दुसऱ्या पुस्तकांतून पडताळून पाहावी. आणि बाहेर जगांत खरोखरच कांहीं संशयास्पद दिसलें, तर तें वडीलधाऱ्या माणसास किंवा पोलिसांस शांतपणें सांगावें. कोणाचेंहि छायाचित्र समूहावर पाठवूं नये. ही शेवटची अट मोडणाऱ्यास वर्षभर पुस्तक मिळूं नये, असें मीं समितीस सुचविलें आहे.

सहकाऱ्यांचा आक्षेप मीं हंसण्यावारी नेला होता, त्याबद्दल मीं त्यांची क्षमा मागितली आहे. त्यांचें मत अद्याप बदललेलें नाहीं. नियम कागदावर राहतील व पुस्तकें हातोहात जातील, असें ते म्हणतात. तसें घडणारच नाहीं असें मी कोणत्या तोंडानें सांगूं?

तीं तीन मुलें व मी त्या वृद्ध गृहस्थांच्या घरीं गेलों होतों. नव्या चष्म्याचे पैसे त्यांनीं घेतले नाहींत. मुलें मान खालीं घालून उभीं होतीं. ते म्हणाले, “बाळांनो, तुम्ही मला पाहिलेंत, पण मी काय पाहतों तें पाहिलें नाहींत. जवळ येऊन विचारलें असतें तर दुर्बीण दिली असती.” पुढच्या रविवारीं सकाळीं त्यांनीं ती खरोखरच दिली. बदलापूरचा मुलगा पहिल्या गाडीनें आला होता. घरटीं चौदा होतीं. तिघांनींहि मोजलीं, आणि पहिल्या मोजणींत तिघांचे आंकडे वेगवेगळे आले!

समितीची बैठक नाताळच्या सुट्टीनंतर होणार आहे. पालकांनीं आपलें मत, अनुकूल असो वा प्रतिकूल, लेखी कळवावें अशी विनंती आहे.